एका अदिश क्षेत्राची साठ वर्षं

१९६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये एक शोधनिबंध छापून आला. लेखक दोघे: केंब्रिजचे फ्रेड हॉयल आणि त्यांचे पंचविशीतले विद्यार्थी जयंत नारळीकर. विषय होता माखचं तत्त्व आणि द्रव्याची निर्मिती. त्यातला एक निष्कर्ष असा होता, की विश्वात एका विशिष्ट प्रकारचं क्षेत्र भरून राहिलं असेल, तर सुरुवातीला विश्व कितीही ओबडधोबड असो, एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी असं कसंही पसरत असो, प्रसरणाच्या ओघात तो सगळा वेडेवाकडेपणा धुऊन निघतो. उरतं ते सगळीकडे आणि सगळ्या दिशांना सारखंच दिसणारं विश्व.

हे श्रेय आज इन्फ्लेशनच्या, म्हणजे आरंभीच्या क्षणार्धात विश्वाची प्रचंड स्फीती झाली या सिद्धांताच्या, खात्यावर जमा आहे. त्या सिद्धांताचा जन्म १९७९चा मानतात. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि बनारसला शिकलेल्या या तरुणाचं नाव त्या कथेच्या पहिल्या प्रकरणात यायला हवं. सहसा ते येत नाही.

हे क्षेत्र कसलं, ते आधी पाहू. हवामान खात्याच्या नकाशावर गावोगावचं तापमान लिहिलेलं असतं. प्रत्येक ठिकाणी एक आकडा, त्याला दिशा नाही. तापमान हे अदिश क्षेत्र. त्याच नकाशावर वाऱ्याचे बाण काढले की ते सदिश क्षेत्र झालं. भौतिकशास्त्रातली मूलभूत अदिश क्षेत्रंही अशीच असतात: अवकाशाच्या प्रत्येक बिंदूला एक संख्या. मात्र या संख्येपाशी स्वतःची ऊर्जा असते. भांडं मोठं केलं की त्यातली हवा विरळ होते. पण अदिश क्षेत्र एका मूल्यावर थबकून राहिलं असेल, तर जागा कितीही वाढली तरी दर घनमीटरमागची ऊर्जा तेवढीच राहते. आइन्स्टाइनच्या समीकरणांत अशा ऊर्जेचा दाब ऋण निघतो, आणि पुरेशा ऋण दाबाचं गुरुत्वाकर्षण ओढण्याऐवजी लोटू लागतं. विश्व मग चक्रवाढीने फुगतं.

हॉयल आणि नारळीकरांच्या अदिश क्षेत्राचं नाव होतं सी-क्षेत्र. सी म्हणजे 'क्रिएशन'. हॉयल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला होता: विश्व पसरतं, पण पसरताना नवं द्रव्य निर्माण होत राहतं, त्यामुळे त्याची घनता बदलत नाही. हे द्रव्य येतं कुठून, ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाचं काय, असे प्रश्न साहजिकच विचारले जात. सी-क्षेत्राची ऊर्जा ऋण होती. द्रव्य निर्माण झालं की क्षेत्राची ऊर्जा तितकीच आणखी ऋण व्हायची, आणि जमाखर्च जुळायचा. त्याच ऋण ऊर्जेमुळे विश्व चक्रवाढीने पसरायचं. म्हणजे अदिश क्षेत्र हाताशी घेऊन विश्व फुगवण्याचं गणित इन्फ्लेशनच्या सोळा वर्षं आधी करून झालं होतं.

१९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांनी महास्फोटाचा अवशेष मानलं जाणारं वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारण सापडल्याचं जाहीर केलं आणि स्थिर स्थितीच्या सिद्धांताचा पाया खचला. तरीही १९६६ साली हॉयल-नारळीकरांनी आणखी एक धाडसी निबंध लिहिला. सर्वत्र वेगाने द्रव्यनिर्मिती चालू आहे, पण एखाद्या पट्ट्यात ती थांबते. तो पट्टा मग बुडबुड्यासारखा वेगळा पडून साध्या महास्फोटी विश्वाप्रमाणे पसरू लागतो, आणि आपण अशाच एका बुडबुड्यात आहोत, अशी ती कल्पना. पुढे नारळीकरांनी या कल्पनेच्या इन्फ्लेशनशी असलेल्या साम्याकडे अनेकदा बोट दाखवलं. सिद्धांत हरला म्हणून त्यातली गणितंही टाकून द्यावीत, ही विज्ञानातली वाईट सवय आहे. सी-क्षेत्राच्या बाबतीत तेच घडलं.

त्यानंतरचा टप्पा कॅलिफोर्नियातला. भौतिकशास्त्रज्ञ ॲलन गुथ कॉर्नेल विद्यापीठात असताना हेन्री टाय या सहकाऱ्याने त्याला एका कोड्यात ओढलं होतं. त्या वेळच्या महाएकीकरण सिद्धांतांनुसार महास्फोटात अतिजड चुंबकी एकध्रुव, म्हणजे चुंबकाचा एकच ध्रुव असलेले कण, ढिगांनी तयार व्हायला हवेत. मग ते दिसत का नाहीत? ६ डिसेंबर १९७९च्या रात्री स्टॅनफर्डच्या प्रवेगक प्रयोगशाळेत काम करत असलेल्या गुथने हिशेब मांडला: एखादं अदिश क्षेत्र थंड होताना खोट्या निर्वातात, म्हणजे सर्वांत कमी नसलेल्या ऊर्जेच्या पातळीवर, अडकलं तर काय होईल? उत्तर आलं, विश्व चक्रवाढीने फुगेल आणि एकध्रुव इतके विरळ होतील की एकही दिसणार नाही. शिवाय आणखी दोन गाठी आपोआप सुटत होत्या. विश्वाचं वय एक सेकंद असताना त्याची घनता क्रांतिक मूल्याशी सुमारे १५ दशांश स्थळांपर्यंत जुळलेली असावी लागते, ती का? आणि कधीच एकमेकांच्या संपर्कात न आलेल्या आकाशाच्या दोन टोकांचं तापमान सारखंच, २.७ केल्व्हिन कसं? गुथने वहीच्या त्या पानाला 'विलक्षण साक्षात्कार' अशा अर्थाचा मथळा मोठ्या अक्षरांत दिला. ती वही आता शिकागोच्या ॲडलर तारांगणात आहे. मॉस्कोत अलेक्सेई स्टारोबिन्स्की आणि जपानचे कात्सुहिको सातो हेही त्याच सुमारास, वेगवेगळ्या वाटांनी, अशाच फुगणाऱ्या विश्वापाशी पोहोचले होते.

गुथच्या मूळ कल्पनेत खोट होती आणि १९८१च्या निबंधात त्याने ती स्वतःच नोंदवली. स्फीती संपताना तयार होणारे बुडबुडे एकमेकांत नीट मिसळत नव्हते. उरायचं ते विस्कटलेलं विश्व. मॉस्कोच्या आंद्रेई लिंडे यांनी, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत अँड्रियास आल्ब्रेख्ट व पॉल स्टाइनहार्ट यांनी, यातून वाट काढली. क्षेत्राने उडी मारायची नाही, सावकाश उतरायचं. त्यासाठी ऊर्जेच्या आलेखाचा आकार विशिष्ट हवा. देशावरून कोकणात जाताना आधी मैलोन्‌मैल जवळजवळ सपाट पठार लागतं आणि मग घाटात एकदम उतार सुरू होतो, तसा हा आलेख. पठारावर असेपर्यंत स्फीती, घाट उतरला की स्फीती संपली आणि क्षेत्राची ऊर्जा कणांमध्ये, उष्णतेत वाटली गेली.

१९८२च्या उन्हाळ्यात केंब्रिजला तीन आठवड्यांची नफील्ड कार्यशाळा झाली. हॉकिंग, गुथ, स्टारोबिन्स्की, स्टाइनहार्ट, बार्डीन, टर्नर अशी मंडळी एकच आकडा काढण्यामागे लागली होती: पठारावरून उतरताना क्षेत्रात होणाऱ्या पुंज थरथरीतून घनतेचे चढउतार किती निर्माण होतील? मुखानोव्ह आणि चिबिसोव्ह यांनी मॉस्कोत ही वाट १९८१ मध्येच दाखवली होती. चढउतारांचं स्वरूप अगदी हवं तसं आलं. दीर्घिका ज्यातून घडल्या ते बीज सापडलं होतं. प्रमाण मात्र कितीतरी पट जास्त आलं. याचा अर्थ, महाएकीकरण सिद्धांतातलं ठरावीक क्षेत्र हे काम करू शकत नव्हतं. दुसरं कुणीतरी हवं होतं, ज्याचा उतार अतोनात मंद आहे. त्याला 'इन्फ्लॅटॉन' हे नाव मिळालं. ओळख मिळाली नाही.

इथे या शास्त्राला एक सोपी सवय लागली. हवं तसं अदिश क्षेत्र लिहायचं, हवा तसा उतार द्यायचा आणि निरीक्षणांशी ताडून पाहायचं. २०१३ साली तीन संशोधकांनी अशा प्रतिमानांचा कोशच काढला. एकाच क्षेत्राच्या नमुन्यांची संख्या ७० च्या वर गेली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, असताना नारळीकर आणि थानू पद्मनाभन यांनी १९८५ सालीच इन्फ्लेशनच्या ऐटीला आव्हान दिलं होतं. त्यांच्या निबंधाचं शीर्षक गुथच्या शीर्षकाच्याच वळणाचं होतं, फक्त स्फीतीच्या जागी सी-क्षेत्र होतं आणि सोडवलेल्या प्रश्नांच्या यादीत आरंभबिंदूच्या विचित्रतेचा एक प्रश्न जास्त होता. दोघांनी १९९१ साली खगोलशास्त्रज्ञांसाठी इन्फ्लेशनचा सविस्तर आढावाही लिहिला.

आता प्रश्न असा, की निसर्गात अशी क्षेत्रं खरंच असतात का आणि असली तर ती येतात कुठून? याचं एक उत्तर जुनंच होतं, पण ते अडचण म्हणून बाजूला सारलेलं होतं. १९१९ मध्ये क्योनिग्सबर्गच्या थिओडोर कालुझा यांनी आइन्स्टाइनना कळवलं, की अवकाशाला एक जादा मिती दिली तर गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व एकाच चौकटीत बसतात. त्या गणितातून तिसरीही गोष्ट बाहेर पडत होती: एक अदिश क्षेत्र. ती मिती प्रत्येक ठिकाणी किती रुंद आहे, हे सांगणारी संख्या. कुणालाच ती नको होती, म्हणून बरीच वर्षं ती स्थिर धरून गणितं केली गेली.

मूलकणांना सूक्ष्म तंतूंची कंपनं मानणाऱ्या स्ट्रिंग सिद्धांतात हीच नकोशी गोष्ट शेकडोंच्या संख्येने आली. १९८४ साली मायकेल ग्रीन आणि जॉन श्वार्झ यांनी हा सिद्धांत गणिती दृष्ट्या सुसंगत असल्याचं दाखवल्यावर त्याला उधाण आलं. तो १० मितींचा. त्यांतल्या सहा मिती चिमुकल्या आकारात गुंडाळलेल्या असाव्या लागतात. १९८५ मध्ये कँडेलास, हॉरोविट्झ, स्ट्रॉमिंजर आणि विटेन यांनी त्यासाठी कालाबी-याउ आकृत्या पुढे केल्या. या आकृत्यांना अनेक भोकं असतात. प्रत्येक भोकाची रुंदी, प्रत्येक वळणाचा आकार बदलता येतो, आणि बदलता येणाऱ्या अशा प्रत्येक मापामागे आपल्या चार मितींच्या जगात एक अदिश क्षेत्र दिसतं. त्यांना मोड्युलाय म्हणतात.

इन्फ्लेशनवाल्यांना एक क्षेत्र सापडत नव्हतं; स्ट्रिंगवाल्यांकडे शेकडो होती, आणि ती सगळी मोकाट. कुठल्याच क्षेत्राला ऊर्जेचा उतार नव्हता, त्यामुळे ती कोणत्याही मूल्यावर असू शकत. अशी वजनहीन क्षेत्रं खरोखर असती तर नव्या बलांच्या रूपाने प्रयोगशाळेत दिसली असती. त्यांना थोडं वस्तुमान दिलं तर दुसरंच संकट: आरंभीच्या विश्वात ती डोलत राहतात, उशिरा विघटन पावतात आणि पहिल्या काही मिनिटांत बनलेल्या हलक्या अणुकेंद्रकांचा नाश करतात. म्हणून स्फीतीचा विचार करण्याआधी या क्षेत्रांना वेसण घालणं भाग होतं.

१९९८ साली निकड आणखी वाढली. दूरच्या अधिनवताऱ्यांवरून कळलं, की विश्वाचं प्रसरण आजही वेग घेतंय. याचा सर्वांत सरळ अर्थ, निर्वाताची ऊर्जा धन आहे आणि भविष्यातलं विश्व डी सिटर प्रकारचं, म्हणजे चक्रवाढीने पसरत राहणारं, आहे. स्ट्रिंग सिद्धांतात असं विश्व बांधता येतं का?

५ ते १० जानेवारी २००१ या काळात मुंबईत 'स्ट्रिंग्ज २००१' ही जागतिक परिषद झाली. यजमान कुलाब्याची टीआयएफआर. स्टीफन हॉकिंग आले होते. त्यांचा ५९वा वाढदिवस त्या मुक्कामात मुंबईतच साजरा झाला आणि वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने मात्र मला मोलाचं वाटतं ते एडवर्ड विटेन यांचं भाषण. डी सिटर अवकाशातल्या पुंज गुरुत्वावर बोलताना, स्ट्रिंग सिद्धांतातून असं अवकाश मिळवण्याचा निःसंदिग्ध मार्ग आपल्याला माहीत नाही, अशी कबुली त्यांनी दिली. या क्षेत्रातला सर्वांत मातब्बर माणूस भर परिषदेत हे सांगतो, तेव्हा तो खुला प्रश्न म्हणून सगळ्यांच्या पाटीवर येतो.

दोन वर्षांनी, जानेवारी २००३ मध्ये, उत्तराचा एक सविस्तर आराखडा आला. शमित काचरू, रेनाटा कॅलोश, आंद्रेई लिंडे आणि संदीप त्रिवेदी या चौघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो केकेएलटी म्हणून ओळखला जातो. पहिले तिघे स्टॅनफर्डचे, त्रिवेदी टीआयएफआरचे. लिंडे म्हणजे तेच, ज्यांनी वीस वर्षांपूर्वी गुथची खोट दुरुस्त केली होती.

त्यांची कृती तीन पायऱ्यांची. पहिली पायरी गिडिंग्ज, काचरू आणि पोल्चिन्स्की यांनी आधीच घडवली होती: गुंडाळलेल्या मितींच्या भोकांमधून चुंबकीय क्षेत्रासारखे अभिवाह सोडायचे. आकार बदलला की अभिवाहांची ऊर्जा वाढते, त्यामुळे आकाराची क्षेत्रं जागच्या जागी अडकतात. एकूण आकारमान सांगणारं क्षेत्र मात्र तेवढ्याने अडकत नाही. दुसऱ्या पायरीला ब्रेन नावाच्या पडद्यांवरचे सूक्ष्म पुंज परिणाम वापरून तेही जखडायचं. आता सगळं स्थिर झालं, पण निर्वाताची ऊर्जा ऋण आली. तिसऱ्या पायरीला अभिवाहांनी खोल ताणलेल्या एका घशाच्या तळाशी एक प्रति-ब्रेन, म्हणजे उलट भाराचा ब्रेन, ठेवायचा. घशाच्या तळाशी सगळ्याच ऊर्जा आक्रसलेल्या असतात, म्हणून त्याची भर थोडीशीच पडते, आणि ऊर्जा शून्याच्या किंचित वर येते. हे विश्व कायमचं नसतं. कधीतरी ते ढासळतं, पण त्याला लागणारा काळ विश्वाच्या आजच्या वयापेक्षा कल्पनेपलीकडे मोठा असतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हे चौघे, हुआन माल्डासेना आणि लियम मॅकॅलिस्टर यांनी मिळून स्फीतीकडे मोर्चा वळवला. ब्रेन आणि प्रति-ब्रेन एकमेकांना ओढतात. ब्रेनमधलं अंतर हेच इन्फ्लॅटॉन मानावं, ही मूळ कल्पना गिया द्वाली आणि हेन्री टाय यांची, १९९८ची. गुथला एकध्रुवांच्या कोड्यात ओढणारे टाय ते हेच. खोल घशात ही ओढ इतकी मंदावते की हवं ते पठार मिळतं. पण गणित पुढे नेल्यावर दिसलं, की आकारमान जखडण्यासाठी जे केलं त्यानेच पठार बिघडतं. ब्रेन सरकला की जखडलेल्या आकारमानाची ऊर्जा बदलते, म्हणजे ब्रेनच्या प्रत्येक जागेला वेगळी किंमत मोजावी लागते. उताराच्या वक्रतेचं माप सुमारे ०.०१ हवं होतं. ते २/३ निघालं. सहाही लेखकांनी हे निबंधात स्पष्ट लिहिलं. यशाचा डंका पिटण्यापेक्षा हा अडथळा आकड्यासकट मांडणं हे त्या निबंधाचं खरं मोठेपण. पुढची चार-पाच वर्षं प्रिन्स्टन आणि कॉर्नेलचे तरुण संशोधक बाकीचे परिणाम मोजून ही वक्रता कुठे कुठे कापली जाते ते शोधत राहिले. ती कापली जाते, पण मोजक्याच जागी, नाजूक जुळणीने.

भारतातली दुसरी धार अलाहाबादेतून आली. अशोक सेन यांनी अस्थिर ब्रेनवरच्या टॅकियॉन नावाच्या अदिश क्षेत्राचं काय होतं, ते उलगडून दाखवलं आणि २००२ साली ते घरंगळताना कसं वागतं, याचं समीकरण दिलं. काही महिन्यांतच पुण्याच्या आयुका या संशोधन केंद्रात पद्मनाभन यांनी त्यावरून प्रवेगी विश्वाचं प्रतिमान बांधलं. त्याच वर्षी कोफमन आणि लिंडे यांनी टॅकियॉनवर आधारलेल्या स्फीतीतले दोष दाखवले. २०१२ साली पहिला मूलभूत भौतिकी पुरस्कार नऊ जणांना मिळाला, तेव्हा गुथ, लिंडे, विटेन, माल्डासेना आणि सेन एकाच यादीत होते.

इकडे आकाशाचा कौलही येत होता. ब्रेनच्या टकरीतून वैश्विक तंतू उरायला हवेत, असं भाकीत होतं. सीएसएल-१ नावाची एक जुळी प्रतिमा २००३ मध्ये तसा पुरावा म्हणून पुढे आली. २००६ मध्ये हबल दुर्बिणीने त्या दोन स्वतंत्र दीर्घिका असल्याचं दाखवलं. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ गटाने स्फीतीतल्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचं जाहीर केलं. त्यांचं प्रमाण सांगणारा आकडा ०.२ होता. वर्षभरात, प्लँक उपग्रहाच्या माहितीशी ताडल्यावर, ती खूण मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची ठरली. २०२१ मध्ये त्याच गटाने मर्यादा घातली: आकडा ०.०३६ च्या आत. लिंडे यांचं १९८३चं सर्वांत साधं प्रतिमान त्याआधीच मागे पडलं होतं; आता सिल्व्हरस्टाइन, वेस्टफाल, मॅकॅलिस्टर यांचं स्ट्रिंगमधल्या एका अदिश क्षेत्रावरचं, म्हणजे अ‍ॅक्सियॉनवरचं पहिलं साधं रूपही बाद झालं, कारण त्याचं भाकीत ०.०७ होतं. ज्याची चाचणीच घेता येत नाही असा आरोप ज्या सिद्धांतावर होतो, त्यातून निघालेलं प्रतिमान मोजमापाने खोडलं गेलं, हे विसरू नये. स्टारोबिन्स्की यांचं १९८०चं प्रतिमान मात्र या मर्यादेतही टिकून राहिलं.

सिद्धांताच्या घरातूनही हरकती आल्या. २०१८ साली कुमरुन वाफा आणि सहकाऱ्यांनी असं अनुमान मांडलं, की स्ट्रिंग सिद्धांतात स्थिर डी सिटर विश्व मुळात होतच नाही. अदिश क्षेत्रांना नेहमी पुरेसा तीव्र उतार असतो. तसं असेल तर केकेएलटीचा आराखडा चुकीचा आणि संथ पठारंही अशक्यप्राय. २०२४ मध्ये मॅकॅलिस्टर आणि तीन सहकाऱ्यांनी संगणकाच्या मदतीने खऱ्याखुऱ्या कालाबी-याउ आकृत्या घेऊन केकेएलटीच्या तिन्ही पायऱ्या पार करणारी उदाहरणं मांडली. त्यांनीच शीर्षकात त्यांना 'उमेदवार' म्हटलं आहे, कारण काही दुरुस्त्या मोजायच्या बाकी आहेत.

तेव्हा निकाल असा: स्ट्रिंग सिद्धांतातलं एकही स्फीतीचं प्रतिमान आज सिद्ध झालेलं नाही, आणि इन्फ्लॅटॉन कोण हे कुणालाही माहीत नाही. पण 'हवं तसं क्षेत्र लिहा' ही मोकळीक गेली. आता क्षेत्र कुठल्या आकृतीतून आलं, ते कशाने जखडलं आणि बाकीची शेकडो क्षेत्रं कुठे गेली, याचा हिशेब द्यावा लागतो. माझ्या मते हीच या साठ वर्षांची खरी कमाई आहे. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी तो हिशेब मुळातून वाचावा. विटेन यांचं मुंबईचं भाषण, केकेएलटी आणि ऑगस्ट २००३चा सहाजणांचा निबंध हे तिन्ही 'आर्काइव्ह'वर फुकट उपलब्ध आहेत. त्याआधी नारळीकर आणि पद्मनाभन यांचा १९९१चा आढावा वाचला, तर वाट पुष्कळ सोपी होईल.